‘मी’ म्हणजे ‘कोण?’ : झोहरच्या पहिल्या पानांवरचा हरवलेला कर्ता

काना_मात्रा
शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली. त्या कामाने एक खोड लागते. वाक्य समोर आलं की आधी कर्ता शोधायचा. तो सापडला की क्रियापदाशी त्याचं जमतंय का बघायचं, आणि सापडला नाही तर समासात प्रश्नचिन्ह काढून मजकूर लेखकाकडे परत पाठवायचा. निवृत्तीनंतर पेन्सिल सुटली, खोड राहिली.

गेले चौदा महिने ‘झोहर’ वाचतेय. ज्यूंच्या गूढ परंपरेचा, म्हणजे कब्बालाचा, हा मुख्य ग्रंथ. मूळ भाषा अरामाईक. मी इंग्रजी अनुवादातून वाचते आणि मूळ शेजारी उघडून ठेवते. हिब्रू लिपी तेवढी शिकले. भाषा येते म्हणायचं धाडस नाही. ग्रंथ कसा आहे म्हणाल तर तोरावरची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवरची टीका, पण टीकाकार गालिलच्या रस्त्यांवरून गाढवं हाकत चाललेत, वाटेत कुणी पोरगा किंवा म्हातारा हमाल भेटतो आणि तोच त्यांना गप्प करतो. ज्ञानेश्वरीसारखी सरळ ओवीमागून ओवी टीका डोक्यात धरून बसलात तर दहा पानांत पुस्तक मिटाल.

मला लिहायचंय ते सुरुवातीच्या पानांबद्दल. बायबलचं पहिलं वाक्य सगळ्यांना माहीत असतं : आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. हिब्रूत ते सुरू होतं ‘ब्रेशीत बारा एलोहीम’. ब्रेशीत = आरंभी. बारा = निर्माण केलं. एलोहीम = देव. हिब्रूत क्रियापद कर्त्याच्या आधी येणं नेहमीचंच, त्यामुळे ‘आरंभी निर्माण केलं देवाने’ असं सरळ वाचतात आणि पुढे जातात.

झोहर पुढे जात नाही. तो शब्द ज्या क्रमाने आलेत त्याच क्रमाने वाचतो. ‘ब’ या उपसर्गाचा अर्थ ‘मध्ये’ होतो तसा ‘ने, सह’ असाही होतो. म्हणजे : आरंभाच्या योगे ... निर्माण केलं एलोहीमला. कोणी? वाक्यात नाही. झोहर म्हणतो, तो दडलेला, न कळणारा, त्याने या आरंभाने एक प्रासाद उभा केला, आणि त्या प्रासादाला एलोहीम म्हणतात. जवळच रेशमाच्या किड्याचा दृष्टान्त आहे : स्वतःभोवती घर विणून तो आत दिसेनासा होतो.

मी पुस्तक खाली ठेवलं आणि चहा करायला उठले. ज्या वाक्यावर तीन धर्मांची इमारत उभी आहे त्यातला कर्ता काढून घेतला होता आणि ‘देव’ कर्माच्या जागी नेऊन बसवला होता!

कब्बालात त्या दडलेल्याला ‘एन सोफ’ म्हणतात. शब्दशः ‘अंत नाही’. त्याची प्रार्थना करता येत नाही, कारण हाक मारायला नाव नाही. बायबलमध्येही त्याचा थेट उल्लेख नाही असं कब्बालिस्ट मानतात. त्याच्यापासून दहा ‘सेफिरोत’, म्हणजे देवाच्या प्रकट होण्याच्या पायऱ्या, प्रकटतात (एक ती सेफिरा) : केतेर (मुकुट), होखमा (प्रज्ञा), बिना (बुद्धी), मग हेसेद (कृपा), गेवुरा (कठोरपणा) असं करत दहावी मालखुत, म्हणजेच शेखिना, देवाचं स्त्रीरूप, आपल्या जगाला सर्वांत जवळचं. पहिल्या वाक्यातला ‘आरंभ’ म्हणजे दुसरी सेफिरा आणि एलोहीम म्हणजे तिसरी. म्हणजे सामान्य भाविक जिथून सुरुवात करतो, तिथे झोहरच्या लेखी बरंच काही आधीच घडून गेलेलं असतं.

आता खरी गंमत. यशया संदेष्ट्याचं वचन आहे : डोळे वर करा आणि पाहा, हे कोणी निर्माण केलं? हिब्रूत ‘मी बारा एले’. एले म्हणजे ‘हे सगळे’. आणि हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’! (मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.) झोहर म्हणतो, हा प्रश्न नाहीच, हे विधान आहे : ‘कोण’ने ‘हे’ निर्माण केलं. ‘मी’ हे देवाच्या एका पायरीचं नाव, कारण तिथवर प्रश्न विचारता येतो. उत्तर येत नाही, पण विचारता येतो. त्याच्या वर विचारताही येत नाही.

आता अक्षरं जोडा. ‘एले’ची अक्षरं अलेफ, लामेद, हे. ‘मी’ची मेम, योद, ती उलटी करून पुढे लावा : अलेफ, लामेद, हे, योद, मेम. झालं एलोहीम. देवाच्या नावातच ‘हे’ आणि ‘कोण?’ एकत्र बांधलेले. सोन्याचं वासरू ओतल्यावर लोक म्हणाले होते, इस्राएला, ‘हे’ तुझे देव. तिथेही शब्द ‘एले’च. झोहर त्यावर बोट ठेवतो : ‘कोण?’ गळलं, नुसतं ‘हे’ उरलं, की त्याचं वासरू होतं.

आणि शोध घेणाऱ्याचं काय होतं? पायरी पायरीने चढत तो शेवटी ‘मा’पाशी येतो. मा म्हणजे ‘काय’. काय कळलं तुला? काय पाहिलंस? काय शोधलंस? सगळं आधीइतकंच झाकलेलं आहे.

इथे कुणी हे वाचलंय का? हे देवाला समजून घेणं म्हणायचं, की समजलं असं वाटू न देण्याची शिस्त? माझं माप दुसरीकडे झुकतंय.

---

पोटोबा
शुक्रवार, रात्री १०:३१

शीर्षक घाईत ‘जोहार’ वाचलं आणि चोखोबांचा धागा समजून आत आलो. आलोच आहे तर विचारतो, सिनेमातले लोक मनगटाला लाल दोरा बांधतात ते हेच का?

---

काना_मात्रा
शुक्रवार, रात्री १०:४०

@पोटोबा, झोहर म्हणजे तेज, प्रभा. दोऱ्याची प्रथा वेगळी आहे आणि झोहरच्या या पानांशी तिचा काही संबंध नाही. पुढचा प्रश्न विचारा.

---

तर्कटपंत
शुक्रवार, रात्री ११:०५

बाई, लेखन छान, पण एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर वगळलीत. हे पुस्तक बनावट आहे. म्हणे दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाई या ऋषीचं. रोमनांच्या भीतीने तो मुलासकट तेरा वर्षं गुहेत लपला, खायला खरूबाचं झाड, प्यायला झरा, ही तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातली कथा. पुस्तक मात्र उगवलं स्पेनमध्ये, १२८० नंतर, मोझेस दे लेओन नावाच्या माणसाच्या हातून, थोडं थोडं, विकत. १३०५ साली तो अरेवालो गावी वारला. आक्रेहून आलेला इसाक नावाचा पंडित मूळ हस्तलिखिताच्या मागावर होता. त्याला आविलात जे ऐकायला मिळालं ते असं : तिथल्या एका श्रीमंताने विधवेला सांगून पाहिलं, मूळ पोथी द्या, तुमची मुलगी माझ्या मुलाला करून घेतो. ती म्हणाली, पोथी असेल तर देईन ना! नवरा डोक्यातून लिहायचा. मी विचारलं होतं, स्वतःच्या नावावर का नाही लिहीत? तर म्हणाला, माझ्या नावावर फुटकी कवडी मिळणार नाही, शिमोनच्या नावावर लोक भरपूर मोजतात.

आपल्याकडे ‘नामा म्हणे’ जोडून किती अभंग घुसडले गेले ते वेगळं सांगायला नको.

---

काना_मात्रा
शनिवार, सकाळी ७:२०

पंत, वगळलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं. :)

विधवेची गोष्ट इसाकने स्वतः तिच्या तोंडून ऐकलेली नाही, ती ऐकीव, तेवढं लक्षात ठेवा. पण पुरावा तिच्यावर अवलंबूनही नाही. माझ्या धंद्यातला पुरावा बघा. झोहरच्या संग्रहात एके ठिकाणी सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ‘एश नोगा’, म्हणजे तेजाळ अग्नी, म्हटलंय आणि त्याचं मोठं गूढ सांगितलंय. आता ‘एस्नोगा’ हा सिनेगॉगसाठी स्पेन-पोर्तुगालकडचा बोलीशब्द! दुसऱ्या शतकातल्या गालिलमध्ये तो कुठून येणार? याकोब एम्डेन या रब्बींनी १७६८ मध्ये अशा जागा हुडकून छापल्या, आणि ते स्वतः कर्मठ धार्मिक होते, नास्तिक नव्हेत. विसाव्या शतकात गेर्शोम शोलेम आधी ग्रंथाच्या प्राचीनतेकडे झुकले होते. नंतर वर्षानुवर्षं भाषा चाळून त्यांनी मत बदललं आणि मोझेस दे लेओनवर शिक्का मारला. त्यानंतरचे अभ्यासक, येहुदा लीबेस वगैरे, म्हणतात एकटा नसावा, मंडळ असावं.

पण ‘बनावट’ हा शब्द मी वापरणार नाही. खोटी सही करून हुंडी वटवणं वेगळं. आमच्या छापखान्यात दुसऱ्याच्या नावाने आत्मचरित्रं लिहिणारे दोघे होते. दोघेही ज्यांच्या नावाने लिहीत त्यांच्यापेक्षा सरस लिहायचे. दे लेओनने स्वतःच्या नावानेही हिब्रूत पुस्तकं लिहिली आहेत. ती मी अनुवादात चाळली. बरी आहेत. झोहरच्या आसपास येत नाहीत. शिमोनचा अंगरखा चढवल्यावर त्या माणसाचा हात सुटला, एवढंच म्हणता येईल. पहिल्या वाक्यातला कर्ता ज्याने लपवला, त्याने मुखपृष्ठावरचाही लपवला.

---

धातुरूपावली
शनिवार, सकाळी ९:४८

व्याकरणाची गोष्ट निघाली म्हणून. हिब्रूत निश्चित कर्मापूर्वी ‘एत’ हा निपात येतो. त्याच वाक्यात ‘एत हाशामायिम’ (आकाशाला) आणि ‘एत हाआरेत्स’ (पृथ्वीला) आहे. एलोहीमच्या आधी ‘एत’ नाही. शिवाय ‘बारा’ हे एकवचनी रूप, आणि एलोहीम रूपाने अनेकवचनी असूनही देवाच्या अर्थी एकवचनी क्रियापदच घेतं. (आपल्यासारखं ‘देव बसले’ तिकडे नाही.) म्हणजे कर्ता एलोहीमच. झोहरने जे केलं ती ओढाताण आहे. माझ्या वर्गात कुणी असं वाक्यपृथक्करण केलं असतं तर गुण कापले असते.

---

काना_मात्रा
शनिवार, सकाळी ११:१५

सर, मीही कापले असते. पण वाचकांना हा धोका कधीपासून दिसत होता ते बघा. तालमूदात (मगिला प्रकरण, ९अ) कथा आहे. इजिप्तच्या तोलेमी राजाने बहात्तर वडीलधाऱ्यांना बहात्तर खोल्यांत बसवलं आणि सांगितलं, तोराचं ग्रीक करा. प्रत्येकाने स्वतंत्रपणे, दुसऱ्याला न विचारता, तोच बदल केला : शब्दक्रम फिरवून ‘एलोहीम बारा ब्रेशीत’ असं लिहिलं. का? राशी हा अकराव्या शतकातला भाष्यकार सांगतो, राजाने ‘ब्रेशीत’ हे कुणा वेगळ्या देवाचं नाव समजू नये आणि त्याने एलोहीमला निर्माण केलं असं वाचू नये म्हणून.

म्हणजे जे वाचन टाळण्यासाठी बहात्तर जणांनी शब्द हलवले, तेच झोहरने उघड्यावर आणून रहस्य म्हणून मांडलं. ‘एत’ त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. ‘एत’वरही झोहरमध्ये पानंच्या पानं आहेत : अलेफपासून ताव, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळी वर्णमाला त्या दोन अक्षरांत, वगैरे. माझ्यासारखीने पेन्सिल ठेवून द्यायची अशा जागा.

---

हरिपाठी
शनिवार, दुपारी ४:०२

ताई, वाचून आनंद झाला. पण यात नवीन ते काय? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘कस्मै देवाय हविषा विधेम’ आहे. कोणत्या देवाला हवी द्यावा? पुढे ब्राह्मणग्रंथांत त्या ‘क’लाच प्रजापतीचं नाव केलं. हुबेहूब तुमचा ‘मी’! एन सोफ म्हणजे निर्गुण ब्रह्म, सेफिरोत म्हणजे सगुण, ‘काय कळलं’ म्हणजे नेति नेति. सगळ्या नद्या सागरालाच मिळतात. सार एकच आहे, बाकी नावांचे भेद. आमच्या माउलींनी ते सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे.

---

तर्कटपंत
शनिवार, दुपारी ४:१०

आलं. मी वाटच बघत होतो. विमानं राहिली.

---

डिमोनाहून
शनिवार, रात्री ८:३५ (शब्बाथ संपल्यावर लिहिते)

शालोम, नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, जन्म ठाण्याचा, आता इस्राएलमधल्या डिमोनात. माझं मराठी जुनं आहे, चुका पोटात घाला. कानाताई पेन्सिल काढणार नाहीत अशी आशा. :)

कब्बाला वगैरे आमच्या घरात कुणी शिकलेलं नाही. आमची माणसं कुलाबा जिल्ह्यातली तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, म्हणून शनवार तेली. पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या नव्हत्या, पाठ होता तो ‘शमा इस्राएल’, देव एक आहे असं सांगणारी प्रार्थना. आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची. पण तुमचा धागा वाचला आणि दोन गोष्टी आठवल्या.

पहिली. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ‘लेखा दोदी’ म्हणतो. ये सख्या, नवरीला सामोरा जा. नवरी म्हणजे शब्बाथ. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात, ‘बोई व-शालोम’, आणि वाकतात. लहानपणी ठाण्यात मी वळले की मला दारातून समोरचा रस्ता दिसायचा, आणि मला वाटायचं नवरी रिक्षाने येणार. कितीतरी वर्षांनी इथे आल्यावर कळलं की हे गाणं गालिलमधल्या सफेद (त्सफात) नावाच्या गावच्या श्लोमो अल्काबेत्स नावाच्या कब्बालिस्टाने सोळाव्या शतकात लिहिलं. कडव्यांची पहिली अक्षरं जोडली की त्याचं नाव निघतं, श्लोमो हालेवी. आणि ती नवरी तुम्ही लिहिलेली शेखिनासुद्धा आहे. म्हणजे कब्बाला आम्ही गात होतो, नाव ठाऊक नव्हतं एवढंच.

दुसरी. शुक्रवारी इथे सफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या परंपरेचे ज्यू, ‘पतह एलियाहू’ म्हणतात. एलियाहू बोलू लागला : विश्वांच्या स्वामी, तू एक आहेस, पण मोजणीतला नव्हेस. कोणताही विचार तुला जराही धरू शकत नाही. हे झोहरच्याच घराण्यातल्या ‘तिकुने झोहर’मधलं. आता आम्हा बेने इस्राएलांचं सगळं एलियाहू हन्नबीवर, म्हणजे एलियाहू संदेष्ट्यावर. नवस बोलायचा तर त्याला, फेडायचा तर मलिदा करून. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात, तिथे आम्ही जायचो. पोहे भिजवलेले, ओला नारळ, साखर, वेलची, वर फळं. माझा एलियाहू मलिद्याच्या ताटापाशी येणारा. तो असलं अवघड बोलतो हे ऐकून मला प्रथम जरा परकं वाटलं. आता सवय झाली.

---

कॅम्पातला
शनिवार, रात्री ९:२२

पुण्याचाही दुवा आहे, लालदेवळावरून (कॅम्पातल्या सिनेगॉगवरून) रोज जाणाऱ्यांनाही तो माहीत नसतो. पुण्यात बगदादी ज्यूंची वस्ती होती, डेव्हिड ससूनमुळे. त्यांच्यातले अब्राहम डेव्हिड इझेकिएल हे थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद. त्यांनी पुण्यात स्वतःचा हिब्रू छापखाना काढला आणि १८८७ मध्ये झोहरमधल्या ‘इद्रा झुता’ या भागाचं ज्यूंच्या अरबीत भाषांतर छापलं. इद्रा झुता म्हणजे शिमोन बार योहाईच्या मृत्यूच्या दिवसाचं वर्णन, देवाच्या मुखाबद्दल, दाढीबद्दल, सगळ्यात झाकून ठेवलेलं प्रकरण. ते सामान्यांच्या बोलीत, तेही बाजारात! समाजात मोठा गदारोळ झाला, बगदादपर्यंत.

हे छापलं गेलं ते पुण्यात, हे मला अजूनही नीट पचलेलं नाही.

---

काना_मात्रा
शनिवार, रात्री ९:५०

@कॅम्पातला, खिळे जुळवणारा कोण असेल हो? हिब्रू उजवीकडून डावीकडे, अक्षरं बघा : दालेत आणि रेश यांत एका टोकाचा फरक. शमामध्ये ‘एहाद’ म्हणजे एक. त्यातल्या दालेतचा रेश झाला तर ‘अहेर’, म्हणजे दुसरा! म्हणून पोथीत तो दालेत मोठा काढतात. मुद्रितशोधकाचं काळीज थांबावं अशी चूक.

@डिमोनाहून, तुमच्या मराठीला पेन्सिल लावायची माझी छाती नाही. रिक्षातली नवरी मी विसरणार नाही.

---

नुसता_वाचक
रविवार, सकाळी ८:०५

पहिल्यांदाच लिहितोय. हे सगळं वाचायला वयाची अट आहे असं ऐकलंय, चाळीस?

---

तर्कटपंत
रविवार, सकाळी ८:३०

अट आली ती भाजल्यावर. १६६५ मध्ये शब्बेताई त्स्वी नावाच्या स्मिर्नाच्या माणसाने स्वतःला मसीहा जाहीर केलं. त्यामागे कब्बालाचीच भाषा होती. येमेनपासून ॲमस्टरडॅमपर्यंत लोक त्याच्या नादी लागले. १६६६ मध्ये सुलतानाने धरलं आणि गडी मुसलमान झाला. त्याचे पंथ पुढे शंभर वर्षं धुमसत राहिले, म्हणून १७५६ मध्ये ब्रोडी इथल्या रब्बींच्या सभेने ठरवलं : तिशीच्या आत झोहर नाही, चाळिशीच्या आत लुरियाचं लेखन नाही. देव शोधायला निघालेली माणसं कुठे पोहोचतात त्याचा हिशोबही धाग्यात असू द्या.

---

काना_मात्रा
रविवार, सकाळी १०:२६

असू द्या, हक्काने. आणि भीती त्याहून जुनी आहे. तालमूदातली चौघांची गोष्ट : चार पंडित ‘परदेस’ म्हणजे बागेत शिरले. बेन अझाईने पाहिलं आणि मेला. बेन झोमाने पाहिलं आणि वेडावला. एलिशा बेन अबुयाने रोपं छाटली, म्हणजे धर्म सोडला. त्याला पुढे नावानेही न पुकारता ‘अहेर’ म्हणू लागले. (वर दालेत-रेशमध्ये आलाय तोच शब्द.) एकटा अकिवा सुखरूप बाहेर आला. आत काय होतं? अकिवाने आधीच बजावलं होतं : शुद्ध संगमरवराच्या फरशांपाशी पोहोचलात की ‘पाणी, पाणी’ म्हणू नका. एवढंच. मला ही सूचना फार खरी वाटते. चकाकतंय ते काय आहे हे घाईने सांगू नका.

@नुसता_वाचक, लुरियाचं नाव आलंच आहे तर दोन ओळी. इसाक लुरिया सफेदमध्ये जेमतेम दोन वर्षं होते, १५७२ मध्ये अडतिसाव्या वर्षी साथीत गेले, स्वतः जवळजवळ काही लिहिलं नाही. लिहिलं ते शिष्याने, हायिम विताल यांनी. त्यांचा प्रश्न : एन सोफ सगळीकडे भरलाय तर जगाला जागा कुठली? उत्तर : तो आकसला, आत मागे सरला, ‘त्सिमत्सुम’. मग त्या पोकळीत तेज उतरलं, पात्रं ते पेलू शकली नाहीत, फुटली. तुकड्यांत ठिणग्या अडकल्या, त्या वेचणं हे माणसाचं काम. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्यांची नातवंडं त्या गावात राहत होती. हाकललेपण देवाच्याच वाट्याला आलं असं सांगणारी शिकवण त्यांना पटली यात नवल नाही, असं शोलेम मांडतात. इतरांना हा दुवा इतका सरळ वाटत नाही.

आता @हरिपाठी. दादा, उत्तर टाळत नव्हते, पान शोधत होते. ‘क’ची आठवण तुम्ही काढलीत ती अचूक आहे आणि मला सुचली नव्हती, त्याबद्दल आभार. पण ‘सार एकच’ यावर झोहरमध्येच एक गोष्ट आहे.

डोंगरात राहणारा एक माणूस होता. गाव कधी पाहिलेलं नाही. गहू पेरायचा आणि कच्चाच खायचा. एक दिवस शहरात आला. त्याला चांगली भाकरी वाढली. हे कशासाठी? म्हणाले, खायला. खाल्ली, आवडली. कशाची? गव्हाची. मग तेलात मळलेल्या पोळ्या आणल्या. या कशाच्या? गव्हाच्या. मग मध आणि तेल घालून केलेलं राजाच्या पंगतीचं पक्वान्न आलं. आणि हे? तेही गव्हाचंच. तेव्हा तो म्हणाला, मग या सगळ्यांचा मालक मीच. कारण मी मुळातलंच खातो, गहू!

आणि झोहर पुढे एकच शेरा मारतो : या समजुतीपायी जगातल्या पक्वान्नांची चव त्याला कळली नाही, ती त्याच्या हातून गेली.

पंत, हसू नका, गोष्ट तुम्हालाही लागू आहे. ‘शेवटी सगळं बनावटच’ म्हणणाराही गहूच चावतोय.

मला वाटतं ‘कस्मै’ आणि ‘मी’ शेजारी ठेवावेत, एकमेकांत घोळू नयेत. ‘क’ हे प्रजापतीचं नाव झालं, प्रश्नाचं उत्तर मिळालं, हवी कुणाला द्यायचा ते ठरलं. ‘मी’ तसा मिटत नाही. तो देवाच्या नावात उलटा होऊन बसतो, योद-मेम, आणि गळला की वासरू. निर्गुणाचंही तेच. एन सोफला ‘तूच मी’ म्हणण्याची सोय या ग्रंथात मला कुठे दिसली नाही. शेखिना आहे ती विरहिणी आहे, हाकललेल्या लोकांबरोबर स्वतः वनवासात फिरणारी, आणि माणसाच्या एकेका कृतीने तिची वरच्याशी गाठ पडते किंवा तुटते. देवालाच माणसाची गरज लागते! अद्वैतात हे कुठे बसवाल?

---

हरिपाठी
रविवार, दुपारी १:१४

अद्वैतात बसवायला अवघड आहे, भक्तीत नाही. पण तुमचं म्हणणं पोचलं. गव्हाची गोष्ट मुलीला वाचून दाखवली. ती म्हणाली, बाबा, हे तुम्हीच. आता शोधून वाचणं आलं. मराठीत आहे का काही?

---

काना_मात्रा
रविवार, दुपारी १:३०

झोहरचं मराठी मला तरी सापडलेलं नाही. इंग्रजीत डॅनियल मॅट आणि सहकाऱ्यांचं बारा खंडांचं भाषांतर आहे, २००४ ते २०१७ या काळात निघालं, टिपांसकट. महाग आहे. ग्रंथालयात पहिला खंड मिळाला तर आधी टिपा वाचा, मग मजकूर. नियम मोडून सांगतेय.

---

पोटोबा
रविवार, दुपारी २:०९

मी पक्वान्नापाशीच थांबलोय. मलिद्यात गूळ चालतो का, साखरच?

---

डिमोनाहून
रविवार, संध्याकाळी ६:४५

आमच्यात साखर. गुळाचं पाप तुमच्या माथी.

कानाताई, तुमच्या ‘मी’वरून सांगते. माझा नातू इथलाच जन्मलेला, सात वर्षांचा, मराठी त्याला ऐकून कळतं तेवढंच. काल शब्बाथ संपल्यावर मी शेजारणीकडून खोबरं घेऊन आले तर दार आतून लावलेलं. टकटक केली. आतून तो विचारतो, ‘मी झे?’ म्हणजे कोण आहे. मी म्हटलं, ‘अरे, मी!’ त्याला वाटलं मीच उलट त्याला विचारतेय, कोण? तो ओरडला, ‘मी?’ मी म्हटलं, ‘मी!’ तो पुन्हा, ‘मी?’ असं चाललं पाच-सहा वेळा, दोघं दाराच्या दोन बाजूंना. शेवटी समोरची मोरोक्कन बाई बाहेर आली, तिने त्याला हिब्रूत सांगितलं की तुझी आजी आहे, उघड. तेव्हा कडी निघाली. खोबरं एका हातात, दुसरा हात मेझुझावर (दाराच्या चौकटीला लावलेली प्रार्थनेची डबी), आणि मला हसू आवरेना.